गंजलेली राजदूत ‘बॉबी’ २५ हजारांत रस्त्यावर आणायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात घरामागच्या शेडमध्ये कैक वर्षं पडून राहिलेली राजदूत जीटीएस १७५, म्हणजे लोक जिला ‘बॉबी’ म्हणतात ती छोटी राजदूत, हाती आली आहे. किक हलत नाही. टाकीत गंजाचा चिखल आहे. मागच्या मडगार्डला भोकं पडली आहेत. खर्चाची तयारी २५ हजारांची. गाडी पुन्हा चालेल का, आणि पैसे आधी कुठे घालायचे?

चालेल, आणि एवढ्या पैशात चालेल. पण चकचकीत होणार नाही. या रकमेत भक्कम, ब्रेक मारल्यावर थांबणारी आणि दोन-चार किकांत सुरू होणारी गाडी उभी राहते. नवं क्रोम आणि शोरूमची झळाळी यात बसत नाही. गंज सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्याचं वजन सारखं नसतं. ज्या गंजामुळे माणूस पडू शकतो त्यावर आधी खर्च करा, ज्यामुळे इंजिन बसू शकतं त्यावर नंतर, आणि जो फक्त डोळ्यांना खुपतो त्यावर सगळ्यात शेवटी. अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्यांत हा क्रम उलटा झालेला असतो. आधी रंग होतो, मग इंजिन खोलावं लागतं, पाने घसरून नव्या रंगाचे टवके उडतात, टाकी गळून पेट्रोल रंगावर ओघळतं. तोवर पैसेही संपलेले असतात.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. आरसी बुक आहे का, त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, हे पहिलं काम. नंबरावरचा गंज वायर ब्रशने घासू नका. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. अक्षरं कागदावर उठली पाहिजेत. जुन्या पुस्तकांच्या नोंदी बऱ्याचदा ऑनलाइन चढलेल्या नसतात. अशा वेळी ज्या आरटीओ कार्यालयात गाडी नोंदली आहे तिथे बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, करून घ्यावी लागते. शहर एमएच ३१, पूर्व नागपूर एमएच ४९ आणि ग्रामीण एमएच ४० ही तीन कार्यालयं वेगवेगळी आहेत, तेव्हा आपली गाडी कोणाकडे येते ते आधी विचारा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. त्याची फी आणि पर्यावरण कर २५ हजारांत धरू नका, वेगळे ठेवा.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणीचा रस्ता आहे. नव्या नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार फी, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र तशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारायची असेल तर साधी आरसीच जिवंत ठेवा. गाडी अजून विकत घेतलेली नसेल आणि कागद मुळीच नसतील, तर ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

आता गाडीकडे. ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची, आणि हिचं इंजिन दूधवाल्यांच्या मोठ्या राजदूतचंच आहे: १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर, मूळ पोलंडच्या एसएचएल एम ११चं. तुमच्या बजेटला खरा आधार याचा आहे. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच), ऑइल सील हे सगळं मोठ्या राजदूतच्या नावाने मागता येतं. काटोल, सावनेर, उमरेड अशा तालुक्याच्या गावच्या जुन्या दुकानांत आणि मिस्त्र्यांकडे जरूर विचारा. राजदूत ३५० ही पूर्ण वेगळी गाडी आहे, तिचे पार्ट गळ्यात मारून घेऊ नका. उलट टाकी, सीट, साइड कव्हर, मडगार्ड हे फक्त बॉबीचे भाग आहेत आणि तेच दुर्मीळ आहेत. त्यामुळे कितीही सडलेला असला तरी मूळ पत्रा भंगारात टाकू नका. नवा पत्रा वळवायला निदान नमुना म्हणून तो लागतो.

पैशांची वाटणी अशी धरा: इंजिनाला साधारण साडेदहा हजार, टायर, ब्रेक, केबल, चेन आणि बेअरिंगना मिळून सहा हजार, चेसिस आणि रंगाला चार, वायरिंगला दीड, आणि तीन हजारांना हात लावायचा नाही. ते तीन हजार हमखास लागतात, बहुधा क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या इंजिनाच्या आसात.

खोलण्याआधी चेसिस तपासा. टोकदार पेचकस घेऊन संशयाच्या जागा दाबून बघा. टोक आत रुतलं किंवा पापुद्रा निघाला तर तिथे पत्रा उरलेला नाही. आधी बघायच्या जागा म्हणजे हँडलची मान, मागच्या चिमट्याचा पिव्हट (तो ज्यावर वर-खाली हलतो तो सांधा), स्टँड बसतं तो भाग, सायलेन्सरचा ब्रॅकेट आणि बॅटरीखालची ताटली. बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडून ताटलीखालची नळी आतून खाल्लेली असते आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. छोट्या हातोडीने नळी वाजवत जा. खणखणीत आवाज बद्द झाला की समजा तिथे भिंत पातळ आहे. ताटली आणि ब्रॅकेट सहज बदलता येतात. मानेजवळ तडा असेल तर तो गल्लीतल्या आर्क वेल्डिंगवर सोडू नका. पातळ नळी आर्कने जळते आणि शिवणीच्या काठाला पुन्हा तुटते. मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात तारेने करायचं वेल्डिंग) असलेल्या फॅब्रिकेटरकडे न्या, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारून घ्या, मगच शिवण आणि वरून पट्टी. मानच वाकडी असेल तर या बजेटात गाडी होणार नाही. दुसरं चेसिस बसवलं की नंबर बदलतो आणि कागदांचा प्रश्न उभा राहतो.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या आणि नट-बोल्ट वेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा. जाम बोल्टला ताकद लावायची नसते, वेळ द्यायचा असतो. अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अर्धं अ‍ॅसिटोन हे मिश्रण उत्तम झिरपतं. संध्याकाळी बोल्टवर त्याचे थेंब टाका, सकाळी पुन्हा टाका, आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे आटे सुटे होतात. मग आधी थोडं आवळण्याच्या दिशेने, नंतर सोडण्याच्या दिशेने. तरीही हलला नाही तर भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला ब्लो टॉर्चने गरम करा. लोखंडापेक्षा ते जवळपास दुप्पट फुगतं आणि पकड सुटते. हे मिश्रण लावलेल्या जागी ज्योत नेण्याआधी ती कोरडी पुसून, अ‍ॅसिटोन उडून जाऊ द्या. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू साध्या पेचकसाने सोडायला गेलात की डोकं गोल होणार. इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, त्याची किंमत पहिल्याच दिवशी वसूल होते.

इंजिन जाम असणं ही वाटते तेवढी वाईट बातमी नाही. बहुतेक वेळा रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात आणि क्रँक चांगला असतो. इंजिन खरं बिघडतं ते जाम सोडवण्याच्या घाईत. किकवर उभं राहून जोर लावला की किकचे दाते जातात. गिअरमध्ये टाकून गाडी ढकलली की गिअरबॉक्सचे जातात. प्लग काढा, भोकातून तेच एटीएफ-अ‍ॅसिटोन ५० मिलि ओता आणि तीन-चार दिवस तसंच ठेवा, रोज थोडी भर घालत. मग मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला बसलेल्या, ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) नटवर लांब दांड्याचा पाना लावून हलकेच मागे-पुढे करा. दोन-तीन अंश जरी हललं तरी थांबा, पुन्हा तेल द्या. आठवड्यात सुटलं नाही तर हेड काढा आणि पिस्टनच्या डोक्यावर जाड लाकडाचा ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने ठोका. लोखंडी हातोडी थेट पिस्टनवर कधीही नको. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते नंतर लक्षातही येत नाही.

सुटलं म्हणून लगेच सुरू करून बघण्याचा मोह होतो. तो आवरा, इंजिन पूर्ण उघडा. इतकी वर्षं पडलेल्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील दगड झालेले असतात. मॅग्नेटकडचा सील गेला की तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून पिस्टन चिकटतो. क्लचकडचा गेला की गिअरबॉक्सचं तेल इंजिनात येतं, धुराचे लोट निघतात आणि प्लग ओला होत राहतो. नवा पिस्टन बसवूनही गाडी पुन्हा सीझ होते, म्हणजे पिस्टन चिकटून इंजिन बसतं, त्यामागे बहुतेकदा हे स्वस्तातले दोन सील असतात. सील आणि बेअरिंग ‘राजदूतचं’ म्हणून न मागता त्यावर छापलेल्या मापाने किंवा नंबराने बेअरिंगच्या दुकानातून घ्या. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असते. चांगल्या कंपनीचा माल मिळतो आणि बऱ्याचदा स्वस्त पडतो. क्रँकच्या बेअरिंगला सी३ क्लिअरन्सचं, म्हणजे आतून किंचित सैल असलेलं, मागा.

क्रँक हातात आला की रॉड वर-खाली ओढून बघा. सरळ रेषेत जराही खेळ जाणवला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. बाजूला थोडी हालचाल असते, ती दोष नाही. बिग एंडच्या रोलरवर गंजाचे काळे ठिपके दिसले तर खेळ नसला तरी रॉड किट बदलाच, कारण तो ठिपका काही शे किलोमीटरांत खड्डा होतो. क्रँक प्रेसमध्ये जोडून झाला की लेथवर डायल लावून दोन्ही टोकांचा रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) तुमच्यासमोर बघायला सांगा. ०.०३ मिमीच्या आत हवा. हे न करता ‘हातोडीने सरळ केला’ म्हणणाऱ्याकडून क्रँक परत घ्या.

बोरिंगला जाण्याआधी पिस्टन विकत घ्या, उलट नाही. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठी मापं, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा मिळतात, पण त्या दिवशी दुकानात जी शिल्लक असेल तीच खरी. पिस्टन सोबत द्या आणि त्याला मोजून बोर करायला सांगा. पिस्टनच्या खोक्यावर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) लिहिलेला असेल तर तो. नसेल तर ६१ मिमीच्या आसपासच्या बिडाच्या एअर-कूल्ड सिलिंडरला ०.०८ ते ०.१० मिमी ठेवा. बोर करणाऱ्यांचा हात फोर-स्ट्रोकवर बसलेला असतो, ते घट्ट बसवून देतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो घट्टपणा पिस्टनला परवडत नाही. बोर झाल्यावर एक काम स्वतः बघून घ्या, ते हमखास राहतं: सिलिंडरमधल्या पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या वायूच्या खिडक्यांच्या, कडा. बोरिंगने त्या वस्तऱ्यासारख्या होतात आणि रिंग त्यात अडकून तुटते. बारीक गोल कानशीने आणि मग ४०० नंबरच्या पेपरने सगळ्या पोर्टच्या कडा अर्धा मिमी गोल करा. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजा, ०.२० ते ०.३५ मिमी चालते. शेवटी सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवा आणि लगेच टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) चोळा.

जोडल्यावर इंजिन चेसिसवर चढवण्याआधी हवेची चाचणी करा. इनटेक आणि एक्झॉस्टला रबरी बूच लावा, एकातून सायकलची नळी घाला आणि ६ पीएसआयपर्यंत हवा भरा. पाच मिनिटांत दाब दाखवणारा काटा फारसा उतरता कामा नये. उतरला तर साबणाचं पाणी लावून फेस कुठे येतो ते बघा. खर्च जवळपास काही नाही आणि पिस्टन वाचतो. जुनं गिअर ऑइल दुधाळ निघालं असेल तर पाणी गेलेलं आहे. डिझेलने दोनदा धुऊन, सगळी बेअरिंगं हाताने फिरवून बघितल्याशिवाय केस बंद करू नका. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या सोडवून रात्रभर तेलात बुडवा.

टाकीसाठी इतवारीच्या किराणा बाजारातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, सगळ्यात चांगलं. कॉक आणि झाकण काढून टाका, कॉकचं भोक रबरी बुचाने बंद करा. आधी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने जुन्या पेट्रोलचा चिकटा धुवा, नाहीतर अ‍ॅसिड गंजापर्यंत पोचतच नाही. मग हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात लिटरमागे ७० ग्रॅम या हिशेबाने विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. १२ तासांनी टॉर्चने बघा, राखाडी पत्रा दिसेपर्यंत ठेवा, पण २४ तासांच्या पुढे नको. जाड खपल्या असतील तर चेनचा तुकडा तारेला बांधून आत सोडा आणि टाकी हलवा. सुटे नट टाकलेत तर मोजून टाका आणि मोजून काढा. ओतून दिल्यावर लिटरमागे दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने खळखळून धुवा, साध्या पाण्याने पुन्हा एकदा, आणि ताबडतोब सुकवा. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन हे काम करून देतं, एरवी हेअर ड्रायर. सुकल्याबरोबर १०० मिलि टू-टी ऑइल आत फिरवा, नाहीतर तासाभरात नारिंगी थर येतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका. गंज झटपट जातो हे खरं, पण पत्राही खाल्ला जातो आणि त्याच्या वाफेने खोलीतलं बाकीचं लोखंड गंजतं.

गंज निघाल्यावर बारीक भोकं दिसू लागतील. झाळ मारायची असेल तर टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन, भोक वरच्या बाजूला येईल अशी धरून, भोकाच्या किंचित खालपर्यंत पाण्याने भरा आणि झाकण उघडं ठेवा. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ स्फोट होण्याइतकी असते, ‘वास येत नाही’ यावर विसंबू नका. भोकं खूप असतील तर आतून दोन भागांचं इपॉक्सी सीलर, आणि तेही इथेनॉलला टिकणारं असं डब्यावर लिहिलेलं.

हे इथेनॉल प्रकरण नीट समजून घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. जुनं रबर त्याने फुगतं, नंतर चिरतं. पेट्रोलचा पाइप, कॉकचा वॉशर, कार्बोरेटरचे ओ-रिंग नवे आणि इथेनॉलला चालणारे घ्या. त्याला जळायला हवाही कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोटीवर) मिश्रण पातळ होतं. मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात करा आणि प्लगचा रंग बघून ठरवा. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण टाकीत महिनोन्महिने ठेवू नका. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. कार्बोरेटरचे जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. जेट क्लीनर आणि हवा पुरते.

स्टँड, ब्रॅकेट, लिव्हर अशा लहान लोखंडी भागांना विजेची पद्धत स्वस्त पडते. प्लास्टिकच्या बादलीत लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. चार्जरची मायनस तार भागाला आणि प्लस तार बाजूला टांगलेल्या जुन्या सळईला जोडा. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. १२ व्होल्टवर २ ते ५ अँपिअर, आठ ते बारा तास. जुना साधा चार्जर लागतो, नवा स्मार्ट चार्जर बॅटरी ओळखल्याशिवाय चालूच होत नाही. तारा उलट लावल्या तर भागच झिजेल. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे अंगणातच करा. अ‍ॅल्युमिनियम, क्रोम, स्प्रिंग आणि ताकदीचे बोल्ट यात अजिबात टाकू नका.

चेसिस हिंगणा एमआयडीसीकडे सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला देणं या बजेटातही परवडतं आणि हाताने घासण्यापेक्षा टिकतं. देण्याआधी मानेतल्या बेअरिंगच्या वाट्या, रबरी बुश आणि आटे बंद करून द्या. चेसिस नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायला लेखी सांगा, कारण जाड थराखाली नंबर बुजला की तपासणीत अडचण येते. पावडर १८० ते २०० अंशांवर भाजली जाते, म्हणून ज्या भागावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची आहे तो पावडरला देऊ नका, लांबी उकलते. टाकी आणि मडगार्डला ब्लास्टिंग नकोच, पातळ पत्र्याला लहरी पडतात. इंजिनाच्या केसलाही नको, वाळूचा एक कण क्रँकच्या बेअरिंगला पुरतो.

टाकीवर मूळ कंपनीचा रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तो ठेवा. गंजलेले ठिपके साफ करून, पातळ रबिंग आणि वॅक्स. फिका असला तरी तो खरा रंग आहे, आणि पैसेही वाचतात. रंगवायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, मग सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. लांबी थेट पत्र्यावर भरली तर ती ओल शोषते आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालून फोड येतात. साध्या रेड ऑक्साइडवर टू-के रंग मारू नका, सुरकुततो. टू-केच्या हार्डनरला कापडी मास्क पुरत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा हवी.

रंगासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा काळ धरा. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या, दिवसांत ४५ अंशांवर थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर कोरडा पडतो आणि संत्र्याच्या सालीसारखा होतो. तेव्हाच करायचं असेल तर मंद थिनर आणि पहाटेची वेळ. कूलर चालू असलेल्या खोलीत तर मुळीच रंगवू नका, त्या ओल्या हवेने रंग पांढुरका होतो. तयार भागही कूलरपाशी ठेवू नका.

चाकांची चाचणी सोपी आहे. रिमचा आतला भाग उघडून निपलच्या (आरे आवळायच्या नटांच्या) भोकांभोवती बघा. तिथे गंजाने पत्रा पातळ झाला असेल तर रिम बदला, वरचं क्रोम कितीही चांगलं असलं तरी. नाहीतर घासून, आतून रंग देऊन रिम टेप लावा. क्रोमवरचे ठिपके अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की बऱ्यापैकी जातात. टायरचं माप बाजूवर लिहिलेलं आहे, तेच घ्या. तिथेच चार आकडी तारीखही असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुना टायर नक्षी शाबूत असली तरी टाकून द्या. ब्रेक शूच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ड्रम लंबगोल झाला असेल तर लेथवर हलका कट. केबल जुन्या मापाने बनवून घ्या आणि बसवण्याआधी तेल सोडा.

वायरिंग ६ व्होल्टचं आणि साधं आहे. एकच सूचना: पावडर कोटिंग वीज अडवतं. इंजिन, कॉइल आणि लाइटच्या अर्थच्या जागा खरवडून उघडा पत्रा काढा आणि स्वतंत्र अर्थ वायर टाका. मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढा. त्याआधी स्टेटर प्लेटवर (मॅग्नेटखालच्या कॉइल आणि पॉइंटच्या ताटलीवर) आणि केसवर एक सलग रेघ कोरून ठेवा, म्हणजे टायमिंग परत त्याच जागी बसतं. पॉइंट ४०० पेपरने घासून पेट्रोलने पुसा, गॅप ०.४ मिमी, प्लगचा गॅप ०.६. कंडेन्सर न तपासता नवा घाला. पॉइंटवर मोठी पिवळी ठिणगी आणि प्लगवर काहीच नाही, असं दिसलं की दोष त्याचाच असतो. सायलेन्सर कार्बनने चोंदलेला असेल तर वरचं सगळं करूनही गाडी ओढणार नाही. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी रात्रभर ठेवून धुवा, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि अ‍ॅल्युमिनियमपासून दूर.

पहिल्या ५०० किलोमीटरला लिटरमागे ५० मिलि टू-टी ऑइल, पुढे ४० मिलि. मिश्रण कॅनमध्ये हलवून मगच टाकीत ओता. पहिल्यांदा सुरू झाली की दोन-तीन मिनिटांत बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. मग हेडचे नट थंड इंजिनावर फुलीच्या क्रमाने पुन्हा आवळा. सुरुवातीला अर्ध्या थ्रॉटलच्या वर नको, सलग दहा-बारा मिनिटांहून जास्त नको, आणि मे महिन्याच्या दुपारी तर गाडी बाहेर काढूच नका. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी सोडू नका. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलसोबतच मिळतं, त्यामुळे वेगात फिरणारं इंजिन तेवढा वेळ कोरडं राहतं. ५० किलोमीटरांनंतर प्लग काढून बघा. चॉकलेटी हवा. पांढरा दिसला तर पुढे एक किलोमीटरही चालवू नका, आधी जेट वाढवा आणि इनटेकच्या गास्केटवर साबणाचं पाणी सोडून हवेची गळती शोधा. त्याच वेळी आरे बोटाने वाजवून ढिले असतील ते आवळा, चेनचा ताण बघा आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासा. नव्या पावडर कोटिंगवर बसलेले बोल्ट थर दबला की हमखास सैल होतात.